सामाईक प्रेस: सांगलीत मुद्राचित्रांचा स्टुडिओ आणि गॅलरी उभी करताना

१८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली. सुट्या अक्षरांचे खिळे जुळवून नव्हे, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. पुण्यात एका तांबटानं हे कोरण्याचं तंत्र शिकून घेतलं होतं. नाना फडणवीसांनी गीतेचं काम सुरू करवलं आणि त्यांच्यामागे गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं ते मिरजेत पुरं झालं. पत्र्यावरून कागदावर छाप घेण्याचं काम आपल्या जिल्ह्याला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे, ते असं.

आज अडचण वेगळी आहे. कला महाविद्यालयात पोरं मुद्राचित्रं, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेली चित्रं, करायला शिकतात: लिनोकट (मऊ लिनोलियमवर कोरून), एचिंग (धातूच्या प्लेटीवर रसायनानं रेषा खोदून). पदविका हातात पडते आणि त्याच दिवशी छाप घेण्याचा प्रेस सुटतो. चित्रकाराला घरी कॅनव्हास लावता येतो, पण चार-पाचशे किलोचा प्रेस कुणी घरात ठेवत नाही. प्लेटा ट्रंकेत जातात आणि हात दुसऱ्या कामाला लागतात. माझ्या बरोबरीचे असे किती तरी जण मी पाहिले. म्हणून आम्ही काही जणांनी मिळून एक प्रेस घेतला, त्याभोवती स्टुडिओ उभा केला आणि पुढच्या खोलीत गॅलरी केली. त्यातून जे शिकलो ते सगळं इथं मांडतो.

सामाईक विहीर आपल्याकडे नवी नाही. भावकीत विहीर एक, मोटर एक आणि पाणी पाळीनं. पाळी ठरलेली असली तर सगळ्यांचं पीक येतं, नसली तर पाणी असूनही भांडणं होतात. सामाईक प्रेसचंही तसंच आहे. यंत्र, जागा, पैसा यांची जुळवाजुळव होते. पाळी मात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावी लागते.

आधी माणसं, मग नोंदणी

सुरुवातीला चार ते सात जण पुरेत. त्यातले निदान दोघं खरोखर छपाई येणारे हवेत आणि एक जण हिशेब आवडीनं ठेवणारा. पहिल्या बैठकीत कागदावर तीन गोष्टी लिहा: कोण किती पैसे घालणार, कोण आठवड्याचे किती तास देणार, आणि कुणी मधेच बाहेर पडला तर त्याचे पैसे कसे व किती दिवसांत परत करणार. तिसरा मुद्दा लिहिताना सगळ्यांना संकोच वाटतो, तरीही लिहा. मैत्री त्यानंच टिकते.

पहिलं वर्ष साध्या लेखी करारावर काढलं तरी चालतं. एकत्र काम जमतंय असं दिसलं की संस्था नोंदवा. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही होते. देणग्यांवर करसवलत हवी असेल तर आयकर खात्याकडची नोंदणीही पुढच्या टप्प्यावर करावी लागते. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर त्यावर सीएसआर-१ हा अर्जही. हे सगळं चांगल्या सीएकडून करून घ्या. मी एवढंच सांगेन की संस्थेचं बँक खातं दोन सह्यांचं असावं आणि प्रेस संस्थेच्या नावावर असावा, एका माणसाच्या नावावर नको.

जागा: पाणी कुठवर येतं ते आधी विचारा

सांगलीत जागा बघताना भाड्याआधी पुराची खूण बघायची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, मारुती चौक, हरभट रस्ता या भागांतली जुनी घरं स्टुडिओसाठी फार देखणी आहेत. उंच छत, जाड भिंती, आणि भाडंही परवडणारं. पण तिथं तळमजल्यावर कागद आणि प्रेस ठेवू नका. शेजाऱ्याला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल, ‘इथवर आलं होतं’. ती खूण छातीच्या वर असेल तर ती जागा सोडा, नाहीतर वरचा मजला घ्या.

वरचा मजला घेतला की दुसरा प्रश्न येतो, वजनाचा. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबानं बांधलेला असतो. पाचशे किलोचा प्रेस चार छोट्या पायांवर उभा केला तर सगळा भार चार ठिपक्यांवर येतो. म्हणून तो भिंतीलगत, तुळईच्या वर घ्या आणि पायांखाली लोखंडी चॅनेल आडवे टाका, म्हणजे भार पसरतो. अभियंत्याला एकदा बोलावून दाखवा. जुन्या माळवदाच्या किंवा लाकडी तक्तपोशीच्या घरात वर प्रेस चढवण्याचा विचारही करू नका. विश्रामबागेच्या बाजूला उंचावरचा साधा गाळा मिळाला तर तो रूपानं कमी असला तरी आमच्या कामाला जास्त योग्य.

पाचशे चौरस फूट जागा सुरुवातीला पुरते. ओलं काम, कोरडं काम आणि भिंतीवर लावलेले छाप बघायची जागा असे तीन भाग मनात धरा. शाई लागलेला हात आणि कोरा कागद एका टेबलावर येता कामा नयेत, एवढं पाळलं की बाकी रचना आपोआप लागते. मोरीला गाळ अडवणारी कुंडी बसवून घ्या. एक्झॉस्ट पंखा दोन लावा, दोन्ही खरोखर बाहेर हवा फेकणारे.

प्रेस

पहिले सहा महिने प्रेसशिवायही निघतात. लिनो, एमडीएफ किंवा सागाच्या फळीवर कोरायचं, रोलरनं शाई लावायची आणि कागदावर स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासून ठसा घ्यायचा. स्वयंपाकघरातला जाड डाव त्याहून बरा, त्याला पकड चांगली मिळते. टेट्रापॅकची आतली चकचकीत बाजू किंवा ऑफसेट छापखान्यातून टाकून दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा सुईनं ओरखडून ड्रायपॉइंटची तयारीही करता येते, पण त्याची छपाई मात्र प्रेसवरच नीट होते.

प्रेस तयार विकत मिळतो, पण आम्ही तो इथंच करून घेतला. ज्यांना रसवंतीचे चरक बनवायची सवय आहे त्या मिस्त्रींना हे यंत्र चटकन कळतं. आमच्या मिस्त्रींनी माझं चित्र पाहिलं आणि म्हणाले, ‘सर, ह्यो तर उसाचा चरक झाला की.’ बरोबरच आहे. दोन रोलर, मधून काहीतरी दाबून न्यायचं. फरक फक्त एवढाच की चरकात ऊस एका बाजूला जास्त चेपला तर कुणाचं बिघडत नाही. इथं डाव्या आणि उजव्या टोकाला केसाएवढा फरक पडला तरी प्रिंट एका बाजूनं फिकी येते.

मिस्त्रींना सांगायची मापं अशी. बेड, म्हणजे ज्यावर प्लेट आणि कागद ठेवून रोलरमधून नेतात तो पत्रा, २४ बाय ४२ इंचांचा, १६ ते २० मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचा, वरून ग्राइंडिंग करून सपाट केलेला. रोलर ६ ते ८ इंच व्यासाचे, लेथवर एकसारखे फिरवून घेतलेले. वरच्या रोलरला दोन्ही बाजूंनी दाबाचे स्क्रू, आणि त्या स्क्रूंवर आकड्यांच्या खुणा, म्हणजे कालचा दाब आज पुन्हा लावता येतो. हँडलला साधारण चारास एक असं गिअर किंवा साखळीचं प्रमाण ठेवा, नाहीतर एकट्या मुलीला किंवा वयस्कर माणसाला प्रेस ओढता येत नाही. सामाईक स्टुडिओत तो सगळ्यांना ओढता यायलाच हवा.

ताब्यात घेण्याआधी तपासणी स्वतः करा. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंदीच्या चार पट्ट्या कापा. बेडवर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सारख्या अंतरावर ठेवा, अर्ध्या बाहेर राहू द्या. वरचा रोलर हळूहळू खाली घ्या आणि पट्ट्या एकेक करून हलकेच ओढत राहा. चारही पट्ट्या एकाच वेळी अडकायला हव्यात. आमच्या पहिल्या वेळी डावीकडच्या दोन घट्ट बसल्या आणि उजवीकडची अलगद हातात आली. बेअरिंग पुन्हा बसवून घ्यायला चार दिवस गेले, पण ते चार दिवस पुढच्या सगळ्या वर्षांना पुरले. मग दुसरी चाचणी: कडा घासून उतरत्या केलेली कोरी प्लेट ओल्या कागदाखाली घालून शाईविना ओढा. कागदावर प्लेटीची चौकट उमटते. बोटाचं टोक त्या कडेवरून चारही बाजूंनी फिरवा. खोली सारखी लागली पाहिजे, डोळ्याआधी बोटाला कळते.

रोलर आणि कागदाच्या मधे लोकरीची फेल्ट लागतात, दोन पातळ आणि एक जाड. आटपाडीकडची घोंगडी आम्ही मोठ्या आशेनं वापरून पाहिली. तिची वीण कागदावर उमटली. आता ती फेल्टांच्या घडीवर पांघरायला आहे आणि तिथं ती उत्तम काम करते, धूळ बसू देत नाही.

मोरचूद, मीठ आणि नायट्रिकला नकार

विद्यार्थी असताना मी जस्ताची प्लेट नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकून तिच्यावर वाकून बसायचो. खिडकी बंद, पंखा बंद. तपकिरी वाफ निघायची. त्या वाफेचा त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी छाती धरते. एका रात्री मला झोपताच आलं नाही. म्हणून आमच्या स्टुडिओत नायट्रिक नाही आणि कुणी घेऊन आलं तर दारातून परत जातं.

त्याऐवजी जस्ताला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, वापरा. तासगावकडचा कोणताही द्राक्षबागायतदार तुम्हाला मोरचूद कुठं मिळतं ते सांगेल, बोर्डो मिश्रणासाठी ते कृषी सेवा केंद्रात पोत्यानं असतं. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम साधं मीठ. निळसर हिरवं द्रावण होतं. प्लास्टिकच्या ट्रेमध्येच करा, जस्ती बादली घेतली तर द्रावण बादलीच खायला लागेल. प्लेटीच्या पाठीला पॅकिंगची चिकटपट्टी लावा. पुढच्या बाजूला मेण, डांबर आणि राळ यांचा ग्राउंड, म्हणजे द्रावण अडवणारा थर, चढवलेला असतो, त्यातून सुईनं ओढलेल्या रेषांमध्ये काही क्षणांतच लालसर तपकिरी भुकटी जमते. ते तांबं आहे. मऊ ब्रशनं किंवा पिसानं ते सतत झाडत राहायचं, नाहीतर रेष खाली सारखी खाल्ली जात नाही. किती वेळ ठेवायचं ते ऋतूनुसार बदलतं, म्हणून दर बॅचला एक पट्टी कापून पाच, दहा, वीस, चाळीस मिनिटांच्या रेषा काढून भिंतीवर लावून ठेवा.

अ‍ॅल्युमिनियमही याच द्रावणात चालतं, पण ते जोरात उकळतं, गरम होतं आणि हायड्रोजन सोडतं. खिडकी उघडी हवी आणि आसपास ज्योत नको. तांब्याच्या प्लेटीला हे द्रावण उपयोगाचं नाही, तिला फेरिक क्लोराइड. हातमोजे आणि चष्मा सगळ्यांना सक्तीचे. अ‍ॅक्वाटिंटमध्ये, म्हणजे प्लेटीवर छटा आणण्याच्या कामात, लागणारी राळेची धूळ फुप्फुसाला वाईट आणि ठिणगीनं पेटणारी, म्हणून ते काम बंद पेटीतच, मास्क लावून करायचं.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. आपली मोरी शेवटी कृष्णेला मिळते आणि तांबं माशांना मारतं. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकत जा, फेस येईल, हळूहळू गाळ खाली बसेल. पीएच पट्टीवर आठच्या आसपास आलं की एक दिवस तसंच ठेवा, मग गाळ कापडातून गाळून वाळवा आणि बरणीत साठवा. औद्योगिक वसाहतीत प्लेटिंग करणाऱ्यांचा घातक कचरा अधिकृत गाड्या घेऊन जातात, त्यांच्यामार्फत वर्षातून एकदा तो देता येतो.

शाई पुसायला रॉकेल नको. शेंगदाण्याचं तेल टाकून चिंधीनं पुसा, मग भांड्याच्या साबणानं. आणि जवसाचं तेल किंवा शाई लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात चिंध्या ठेवायच्या.

पाळी

भिंतीवर मोठा फळा आणि त्यावर आठवडा. एका पाळीला चार तास, त्यातला शेवटचा अर्धा तास साफसफाईचा. हा अर्धा तास पाळीच्या आतच मोजायचा, नाहीतर प्रत्येक जण छापत राहतो आणि पुढचा दारात उभा राहतो. जाताना वहीत पाच गोष्टी लिहायच्या: नाव, वेळ, दाबाचा आकडा, वापरलेली शाई आणि काही मोडलं का. ‘काही मोडलं का’ या रकान्यात खरं लिहिणाऱ्याला कधीही बोल लावू नका. एकदा बोल लावला की पुढं तो रकाना कायम कोरा राहतो आणि नादुरुस्त प्रेस कुणाच्या तरी एडिशनच्या (एका प्लेटीवरून ठरलेल्या प्रती छापण्याच्या) मधेच बंद पडतो.

द्रावणाचं आणि अ‍ॅक्वाटिंटचं काम एकट्यानं करायचं नाही, दोघं हजर हवेत. नव्या सभासदानं किल्ली मिळण्याआधी तीन पाळ्या जुन्या सभासदाबरोबर करायच्या. दाबाच्या स्क्रूला एका ठरावीक आकड्यापलीकडे हात लावायचा असेल तर विचारून.

पैशांचा हिशेब असा धरून बघा. भाडं १२,०००, वीज १,५००, शाई-तेल-चिंध्या ३,०००, दुरुस्तीसाठी बाजूला १,५००. महिन्याला १८,००० झाले. बारा सभासद प्रत्येकी ८०० देतात, ९,६०० आले. महिन्यात दोन कार्यशाळा, प्रत्येकी दहा जण, माणशी ५०० फी, त्यातून साहित्याचे १५० वजा केले की ७,००० उरतात. एकूण १६,६००. अजून १,४०० कमी. ते आणखी दोन सभासदांतून भरून काढा, प्रिंट विकली जाईल या भरवशावर सोडू नका. विक्री कधी होते, कधी दोन महिने होत नाही. जे आलं ते नव्या फेल्टांसाठी, कागदासाठी ठेवायचं.

कार्यशाळेसाठी सगळ्यात जवळचे मित्र म्हणजे शाळांमधले कलाशिक्षक. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणारी मुलं त्यांच्याकडे असतात. शनिवारी दुपारी लिनोकट, रविवारी सकाळी मोठ्यांसाठी ड्रायपॉइंट, हे वेळापत्रक आमच्याकडे चाललं. मुलांना लिनो कोरायला देण्याआधी तो उन्हात किंवा इस्त्रीनं थोडा गरम करा, मऊ होतो. आणि हत्याराच्या पुढे दुसरा हात कधी ठेवायचा नाही, हे सुरुवातीलाच दोनदा सांगा.

कागद आणि पावसाळा

एचिंगला २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) सुती हातकागद घ्या. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे. कागद भिजवून, टिपकागदात दाबून, रात्रभर प्लास्टिकखाली ठेवायचा. सकाळी तो गार लागला पाहिजे, चमकता कामा नये. चमकला तर पाणी जास्त आहे, शाई उचलली जात नाही.

जुलैमध्ये सांगलीत ऑफसेटची शाई आठवडाभर ओली राहते. थोडा कोबाल्ट ड्रायर मिसळता येतो, पण आम्ही सरळ जुलै-ऑगस्टला एडिशन काढतच नाही. ते महिने कोरण्याचे आणि शिकवण्याचे. प्रिंटा भिंतीपासून चार बोटं दूर, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ड्रॉवरमध्ये ठेवा. बुरशीचा एक ठिपका दिसला की ती प्रिंट लगेच वेगळी काढा.

एडिशनचे नियम शिस्तीनं पाळा. खाली पेन्सिलीनं डावीकडे ३/२० असा क्रमांक, मधे नाव, उजवीकडे सही आणि साल. कलावंताच्या स्वतःच्या प्रती दहा टक्क्यांच्या आसपास आणि त्यांची नोंद वेगळी. वीस छापायच्या ठरल्या की विसाव्या प्रतीनंतर प्लेटीवर आडवी रेघ ओढायची आणि त्या रेघेसकट एक छाप काढून फाइलला लावायची. घेणाऱ्याला दिलेला तो शब्द आहे.

गॅलरी

आमच्या पहिल्याच प्रदर्शनात एका काकांनी विचारलं, ‘वीस प्रती म्हणजे झेरॉक्सच ना ही?’ प्रश्न अगदी रास्त होता. तेव्हापासून प्रत्येक प्रदर्शनात निदान एक प्लेट किंवा कोरलेला लिनो तिच्या प्रिंटशेजारी टांगतो आणि संध्याकाळी सहा वाजता प्रेसवर एक छाप काढून दाखवतो. कागद उचलल्यावर उलटी अक्षरं सुलटी झालेली दिसतात आणि मग समजावून सांगायला फार काही उरत नाही.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. काच परवडत नसेल तर क्लिपा आणि चुंबकं चालतात. किंमत लेबलावर लिहा. विचारायला लाजणारी माणसं आपल्याकडे जास्त आहेत आणि किंमत दिसली नाही तर ती विकत न घेताच जातात. लहान लिनोकट ८०० ते १,२०० रुपयांत ठेवला तर शिक्षक, परिचारिका, दुकानदार असा माणूसही घेऊ शकतो आणि माझ्या मते गावातली गॅलरी त्याच माणसासाठी आहे. एकाच एडिशनच्या सगळ्या प्रतींची किंमत सारखी ठेवा. विक्रीतला तीस टक्के वाटा स्टुडिओचा, सत्तर कलावंताचा, आणि कलावंताचे पैसे पंधरा दिवसांच्या आत द्यायचे. वर्षाला सहा प्रदर्शनं पुष्कळ. त्यातलं एक तरी कार्यशाळेतल्या मुलांचं असू द्या. त्या दिवशी मुलांबरोबर आईवडील, आजी-आजोबा येतात आणि त्यातले बरेच जण गॅलरीत आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकतात.

मृगाच्या आधी

मे संपता संपता एक दिवस सगळ्यांनी मिळून ठेवा. प्रेसच्या बेअरिंगला ग्रीस, रोलरवर तेलाचा हात, फेल्ट धुऊन सावलीत वाळवणं, गच्चीची गळती बघणं. मोरचूद, मीठ, सोडा यांच्या बरण्या सगळ्यात वरच्या फळीवर. प्लेटांवर ग्रीसचा पातळ थर देऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून, नाव लिहून. फोनच्या ग्रुपवर दोन माणसांची नावं आधीच ठरलेली असावीत, आयर्विनजवळ पाणी ३५ फुटांवर गेलं की कागदाचे ड्रॉवर आणि एडिशनची फाइल सुरक्षित घरी हलवायची जबाबदारी त्यांची. गाडी कुणाची तेही तिथंच लिहून ठेवा.